डब्यावर सोडलेली जागा

शहीद द्वीप, अंदमान
१२ फेब्रुवारी २०२५, दुपार

अपेक्षा,

आधी ‘चि.’ लिहिलं आणि खोडलं. ते अक्षर मी विश्वजीतच्या नावाआधी तेहतीस वर्षं लिहीत होते. आता त्यावर माझा भरवसा नाही.

चार वर्षांत तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र. एक विनंती आहे. शेफाली मंडल यांचा तुला फोन आला, तर विश्वजीत गेला हे त्यांना सांगू नकोस. कामावर गेलाय म्हण.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण कारण न देता काम सांगायची माझी सवय तुला माहीत आहे, तिचा परिणामही. म्हणून कारण लिहिते.

आमच्या कॉलेजातल्या निवृत्त बायकांची ही सहल. आम्ही बारा जणी, आणि शिवम नावाचा टूर मॅनेजर. सहलींचं मला प्रेम नाही. कार्यक्रमात या बेटाचं नाव दिसलं म्हणून पैसे भरले. लग्नानंतर तुम्ही दोघं इथं मंडलांच्या घरी आठ दिवस राहून आलात, तेव्हा विश्वजीत महिनाभर दुसरं काही बोलत नव्हता. शेफालीदीदी अशी, निताईदा तसा. “आई, तुला घेतल्याशिवाय परत यायचं नाही, असं दीदीनं बजावलंय.” मी म्हणायचे, परीक्षा होऊ देत. मग म्हणायला लागले, निवृत्त होऊ दे.

तुमचा फोटो पर्समध्ये होता. पत्र्याचं घर, मागं सुपारीची झाडं, पायरीवर तू आणि तो. काल उतरल्याबरोबर मी शिवमला सांगितलं, मला हे घर शोधायचंय.

“काकू, गटात राहा. बेट लहान आहे, पण माझी नोकरी त्याहून लहान आहे.”

“चारी बाजूंनी पाणी आहे. हरवून हरवून कुठं जाणार?” मी म्हटलं आणि रिक्षात बसले.

फोटो दाखवायची वेळच आली नाही. शेफाली अंगणात वांगी निवडत होती. तिनं वर पाहिलं, पाहतच राहिली आणि म्हणाली, “विशू की माँ.” त्याचा चेहरा माझा होता, हे सगळे म्हणायचे. ती उठून आली, माझे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरले. बंगाली माणसं हळवी असतात असं ऐकलं होतं, तेच हे असावं असं वाटलं.

तिनं काही विचारायच्या आत मी म्हटलं, “विशू अच्छा है. काम बहुत है, इसलिए नहीं आया.”

सांगायलाच तर आले होते. वाक्य तयार होतं, हिंदीत, विमानात जुळवलेलं. आणि बाहेर पडलं ते हे.

तिचे हात जरा सैल झाले, मग पुन्हा घट्ट. मागं निताई बादली घेऊन उभा होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि परसात निघून गेला तो अर्धा तास आलाच नाही. मी मनात नोंद केली, या माणसाला पाहुणे आवडत नाहीत.

आज अवेळी वारा सुटलाय, बोटी बंद आहेत. बाकीच्या अकरा जणी हॉटेलात भेंड्या खेळतायत. माझी बॅग शेफालीनं कालच इथं आणवली. ती तुझा नंबर मागेल अशी मला भीती आहे, म्हणून हे पत्र. बोट नाही म्हणजे टपालही नाही, हे मला कळतं. तरी लिहिते.

फोन का करत नाही, म्हणशील. तू उचलणार नाहीस म्हणून नव्हे. तू उचलशील म्हणून.

श. सां. गाडेकर


१३ फेब्रुवारी, सकाळ

अपेक्षा,

निताईविषयी मी चुकले. तो बोलका आहे, नको तितका. मी प्रवासासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. त्यानं दशमीचा तुकडा मोडला, चावला, थांबला.

“माँ, ये रोटी है कि नारियल का छिलका?”

“चार दिन की है. चार दिन में आपका भात कैसा होगा?”

“चार दिन में हमारा भात मुर्गी खा के अंडा दे देगी,” तो म्हणाला आणि उरलेल्या तिन्ही दशम्या एकट्यानं संपवल्या. विश्वजीतही असाच होता, आधी नावं ठेवायची आणि मग डबा चाटूनपुसून. शेफाली म्हणाली, “विशू बोलता था, माँ की दशमी सात दिन चलती है.” मी म्हटलं, अजून बोलतो.

हे असं चाललंय. मला खोटं बोलावं लागत नाही, ते आपोआप वाढतं. त्याला मॅनेजर केला. त्याच्या कानाजवळचे केस पिकवले. घराला यंदा रंग दिला आणि रंगावरून तुमचं भांडण लावलं; तुला पिस्ता हवा होता, त्याला पांढरा. शेवटी पिस्ता दिला. अपेक्षाचंच चालतं, म्हटलं. दोघं हसले. निताई म्हणाला, “वो तो यहाँ भी उसी का चलता था.”

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि तितकीच वर्षं परीक्षेच्या हॉलमधून फिरले. कॉपी करणारा मुलगा मला पाठमोरा ओळखू यायचा. इथं माझीच चोरी चाललीय आणि कुणी पकडत नाही. शेफाली एकही उलटा प्रश्न विचारत नाही. विशूचं काही सांगायला लागले की ती हातातलं काम ठेवते, नुसती ऐकते. तुझा नंबरही तिनं अजून मागितलेला नाही. भोळी माणसं आहेत.

फक्त स्वयंपाकघरात मला येऊ देत नाही. “आप मेहमान हैं.” मला आयतं बसायची सवय नाही. देवाच्या फळीवर रोज सकाळी ती फुलं ठेवते. काली आहे, शंकर आहे आणि कडेला एक जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेपुढंही दोन फुलं ठेवते. विचारलं तर म्हणाली, “ऐसे ही.” मला ‘ऐसे ही’ हे उत्तर कधी पटलेलं नाही. पण पाहुण्यानं किती विचारावं?

इथली माणसं चांगली आहेत, अपेक्षा. शेजारची म्हातारी मला बघायला म्हणून आली, माझ्या गालाला हात लावून काहीतरी बंगालीत बोलली. शेफालीनं सांगितलं, पुन्हा ये म्हणते. मला इतक्या बायकांनी इतका हात कधी लावला नव्हता. आपल्या घरात तूच एक लावायचीस, तेल लावायच्या निमित्तानं. मी म्हणायचे, पुरे.


१४ फेब्रुवारी, संध्याकाळ

अपेक्षा,

आज निताई मला ओहोटीच्या वेळी खडकांवर घेऊन गेला. पाणी आत जातं आणि खाली सगळं उघडं पडतं. पोवळी, खेकडे, काळी लांबट गोगलगाय. तिथं उभा राहून त्यानं एक गोष्ट सांगितली. तुला ती माहीत असणार. तुम्ही दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्यावरून चालत परत आला होता. घरी पोचल्यावर शेफाली सहज म्हणाली, तिथल्या एका झाडाची कच्ची कैरी छान असते. विश्वजीत चहा अर्धा ठेवून उलट फिरला. सहा किलोमीटर. काळोख पडायच्या आत दोन कैऱ्या घेऊन आला.

“ऐसा आदमी है, माँ. कोई कुछ बोल दे तो वापस घूम जाता है,” निताई म्हणाला.

मला खडकावर बसावं लागलं. त्याला वाटलं ऊन लागलं.

आता मी जे लिहिते ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुला सांगायचं कारण नाही, कारण तुला माहीत आहे.

एकोणीस जानेवारीला साडेपाचला विश्वजीतला दोन फोन गेले. एक तुझा. तू विचारलंस, निघालास का. दुसरा माझा. सकाळी सरूबाई भांडी घासताना म्हणाली होती, “बाई, करमाडला हरभऱ्याच्या डहाळ्या लई झकास आल्यात.” मी त्याला म्हटलं, निघालाच आहेस तर करमाडला जा आणि दोन जुड्या आण. तो म्हणाला, “आई, करमाड उलट्या दिशेला आहे.” मी म्हटलं, “मोटरसायकलला दिशा कळत नाही. दहा मिनिटं लागतील.”

तू तेव्हा ओट्याशी कणीक मळत होतीस. मी फोन ठेवल्यावर तू म्हणालीस, “आई, उद्या मंडईत मिळतील की.”

नंतर घरात माणसं भरली. तुझ्या चुलत सासऱ्यांनी विचारलं, “कंपनी शेंद्र्याला. घर इकडं. मग पोरगा करमाडकडं कशाला गेला?” सगळे माझ्याकडं पाहत होते. मी म्हटलं, “अपेक्षाचा फोन आला होता.”

खोटं नव्हतं ते. फोन आलाच होता. मी गणिताची बाई. अर्धं विधान लिहून पूर्ण गुण कसे घ्यायचे, हे मला कळतं.

तू भिंतीला टेकून बसली होतीस. तू मान वर केलीस, माझ्याकडं पाहिलंस. मला वाटलं, आता बोलशील. तू मान खाली घातलीस. त्या दिवसापासून ‘हिच्या फोनपायी गेला’ हे तुझ्या पाठीमागं लागलं, आणि तू ते अंगावर घेतलंस.

पंधराव्या दिवशी मी तुझी बॅग भरली. सर्टिफिकिटं वेगळ्या फायलीत, हिवाळ्याचे कपडे खाली, वर नेहमीचे. तू म्हणालीस, “आई, मी इथंच राहते ना. तुम्ही एकट्या पडाल.” मी म्हटलं, तू एकोणतीस वर्षांची आहेस, तुला विधवा म्हणून घरात डांबून ठेवणारी मी नाही, सिल्लोडला माहेरी जा, नोकरी कर, नवं आयुष्य बघ. लोकांनी माझं कौतुक केलं. शिकलेली सासू अशी असावी, म्हणाले. मीही ते खरं धरून चालले.

खरं कारण लिहिते. तू रोज समोर आलीस की ओट्याशी मळलेली कणीक दिसायची. एका घरात ते वाक्य ऐकलेलं दुसरं माणूस मला नको होतं.

हे पत्र पाठवेन की नाही, माहीत नाही.


१५ फेब्रुवारी, बोटीवर

अपेक्षा,

अक्षर हलतंय, समजून घे.

सकाळी शिवमचा फोन आला, काकू, बोट सुरू झाली, अकराला धक्क्यावर या. शेफाली शेजारी नारळ आणायला गेली होती. मी माझा कप धुवायला म्हणून स्वयंपाकघरात शिरले. चार दिवस आयतं खाल्लं, निघताना एक कप तरी धुवावा.

मोरीजवळ तांदळाचं पिंप आहे. पिंपामागं टॉवेलात काहीतरी गुंडाळून ठेवलेलं. मला टॉवेल ओला वाटला म्हणून उचलला, वाळत घालावा म्हणून.

आत तांब्या होता. आपल्याकडचा, स्टीलचा. त्यावर नाव घातलेलं.

कै. विश्वजीत सांडू गाडेकर यांच्या स्मरणार्थ. १९-१-२०२१.

खाली: आई आणि अपेक्षा.

शेफाली दारात आली. तिच्या हातात नारळ होते. तिनं ते खाली ठेवले, एकेक करून.

“कब से मालूम है?” मी विचारलं.

“जब हुआ, तब से. अपेक्षा ने फोन किया था. एक साल बाद ये भेजा. बोली, हमारे यहाँ बर्तन देते हैं, नाम डाल के.”

म्हणजे देवाच्या फळीवरची ती रिकामी जागा या तांब्याची. मी आले त्या दिवशी, मी तोंड उघडून ‘विशू अच्छा है’ म्हणाल्यावर, निताईनं तो मागच्या दारानं आत येऊन उचलला आणि लपवला. त्याला अर्धा तास का लागला, ते शेफालीनं सांगितलं. तो परसात बसून रडत होता.

“तो मुझे बोलने क्यों दिया?”

निताई मागून आला होता. तो म्हणाला, “आप उसको मैनेजर बना दिए, माँ. बाल सफेद कर दिए. हमको भी अच्छा लग रहा था.”

अपेक्षा, मी तेव्हा पहिल्यांदा ते वाक्य म्हटलं. तेराव्याला, वर्षश्राद्धाला, कधी म्हटलं नव्हतं. लोकांनी म्हटलं, मी मान हलवली. तिथं मोरीशी उभी राहून म्हटलं, “मेरा विशू नहीं है.” शेफालीनं मला धरलं. मी पुरे म्हटलं नाही.

मग मी तिला विचारलं, कसं झालं म्हणून अपेक्षानं सांगितलं?

“बोली, ट्रक था. और कुछ नहीं बोली.”

आणखी काही? कुणाचा फोन होता, कुणी काय आणायला सांगितलं?

“नहीं माँ. और क्या था?”

मग जे होतं ते सांगितलं. हरभऱ्यासकट सगळं. दोघं उभ्यानं ऐकत होते. निताईनं इतकंच विचारलं, ये चना हमारे वाले चने जैसा होता है? मी म्हटलं, हिरवा असतो.

शेफालीनं तांब्या धुतला, पुसला, फळीवर ठेवला, त्याच्या जागी. आणि मला नारळाच्या वड्या दिल्या. वड्या नव्हे, गोल लाडू, त्याला ते नाडू म्हणतात. म्हणाली, आधे अपेक्षा के.

माझ्या तांब्यांवर, म्हणजे डब्यांवर, तुझं नाव नाही, हे मी तिला सांगितलं नाही. ते तुला सांगायला हवं.


छत्रपती संभाजीनगर
२४ फेब्रुवारी

अपेक्षा,

वर्षश्राद्धाला मी एक्कावन्न डबे करवून घेतले होते, लहान, झाकणाचे. भांडी बाजारात मोहियोद्दीन नावाचे म्हातारे गृहस्थ मशीननं नावं घालतात. मी त्यांना चिठ्ठी लिहून दिली होती. विश्वजीतचं नाव, तारीख, खाली ‘आई’. त्यांनी चष्म्यावरून पाहून विचारलं होतं, “बाई, बहू का नाम?” मी म्हटलं, “जितना लिखा है उतना डालिए.”

अठ्ठेचाळीस वाटले, तीन उरले. तुला पाठवला नव्हता. आल्यावर आठ दिवस ते समोर ठेवून बसले होते. काल एक घेऊन गेले.

मोहियोद्दीनना आता कमी दिसतं, पण डबा हातात घेतल्याबरोबर अंगठा फिरवून म्हणाले, “ये मेरा काम है.” मी म्हटलं, यावर एक नाव वाढवायचंय, पण जागा असेल का. त्यांनी डबा माझ्यापुढं धरला. ‘आई’ हा शब्द मधोमध नव्हताच. डावीकडं होता. उजवीकडं बोटभर कोरं स्टील. तीन वर्षं तो डबा माझ्या कपाटात होता आणि समास चुकलेल्या पोरांचे गुण कापणारी मी, मला ते दिसलं नव्हतं.

“आपने जगह छोडी थी?”

“मरनेवाले के बर्तन पर मैं छोडता हूँ, बाई. गुस्से में लोग नाम कटवाते हैं. बाद में आते हैं.” मशीन लावता लावता म्हणाले, “सब नहीं आते.”

नाव घालायला एक मिनिटही लागलं नाही. नवं अक्षर जरा जास्त चमकतं. चमकू दे.

तुझ्या चुलत सासऱ्यांकडं काल संध्याकाळी जाऊन आले. त्यांना तो फोन कुणाचा होता ते सांगितलं. त्यांची सून चहा घेऊन आली होती, तिच्यासमोर सांगितलं. ते म्हणाले, “वहिनी, आता कशाला उकरता?” मी म्हटलं, पुरलं मी होतं. परवा सरूबाईलाही सांगितलं. ती रडायला लागली, डहाळ्यांचं मीच बोलले म्हणाली. तिला समजावायला तासभर गेला. तिला इतकी वर्षं ते माहीत नव्हतं हे बरं होतं, हे मला सांगून झाल्यावर कळलं. हिशोब दुरुस्त करायला गेलं की कुठंतरी दुसरीकडं चुकतो.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, मग पुन्हा तुझ्याच अंगावर पडेल.

सरूबाई म्हणते, सिल्लोडला तुझ्यासाठी स्थळ बघतायत. चांगलं असेल तर कर. ही आज्ञा नाही. माझ्या आज्ञांचं काय होतं, ते आपण दोघींनी पाहिलंय.

बेटावरची पत्रं सोबत आहेत. पहिल्यातली विनंती रद्द समज. फाडलं नाही, कारण त्यात तो अजून कामावर आहे.

आणि डबा पाठवते. रिकामं भांडं कुणाला देऊ नये म्हणून त्यात शेफालीचे नाडू आहेत. सोळा होते. आठ तुझे. उरलेल्या आठांपैकी मी एक खाल्ला, सात तसेच आहेत, एकटीनं संपत नाहीत.

डबा ठेवून घे. तो तुझा आहे. ठेवायचा नसेल तर परत पाठव, मी काही म्हणणार नाही. फक्त रिकामा पाठवू नकोस.